क्वार्क द्रव्याचा अर्धा नकाशा

अणुकेंद्रातले द्रव्य सुमारे १.८ लाख कोटी केल्व्हिनपर्यंत तापवले, तर त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन शिल्लक राहत नाहीत. एरवी त्यांच्या पोटात बंदिस्त असणारे क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन सगळ्या द्रव्यभर पसरतात, आणि कोणता क्वार्क कोणत्या प्रोटॉनचा, या प्रश्नालाच अर्थ उरत नाही. या द्रव्याला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हणतात. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी केल्व्हिन आहे; हे तापमान त्याच्या सुमारे १.२ लाख पट झाले. विश्वाच्या जन्मानंतर पहिले सुमारे दहा मायक्रोसेकंद सगळे विश्व याच अवस्थेत होते. आज ती अवस्था जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आणि न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथे जड अणुकेंद्रांची टक्कर घडवून क्षणभर निर्माण करता आली आहे.

ही अवस्था असते, याबद्दल आता वाद नाही. प्रश्न आहे तो तिच्यात जाण्याच्या वाटेचा. पाण्याची वाफ होते तसा एका ठरावीक तापमानाला अचानक बदल होतो, की सीमाच नसल्यासारखे हळूहळू स्थित्यंतर होते? आणि तापमानाऐवजी दाब वाढवत नेला तर? पाठ्यपुस्तकांतून क्वार्क द्रव्याच्या अवस्थांचा एक सुबक आलेख छापलेला असतो. आडव्या अक्षावर घनता, उभ्या अक्षावर तापमान, मध्ये एक वळलेली रेष आणि त्या रेषेवर एक ठळक ठिपका. या चित्राच्या डाव्या कडेचा पट्टा भक्कम गणितावर आणि मोजमापांवर उभा आहे. उरलेला बराचसा भाग, तो ठिपका धरून, अजून अंदाजच आहे.

हे द्रव्य वितळायला एवढे तापमान का लागते, हे कळण्यासाठी क्वार्कांमधले बल पाहावे लागते. क्वार्कांची कल्पना १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे मांडली. विद्युतभाराचे प्रकार दोन, धन आणि ऋण. क्वार्कांवरच्या भाराचे प्रकार तीन, आणि त्याला ‘रंग’ असे नाव पडले. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. विद्युतबल वाहून नेणाऱ्या फोटॉनवर स्वतःचा विद्युतभार नसतो, म्हणून फोटॉन एकमेकांना ओढत नाहीत. ग्लुऑनवर मात्र रंगभार असतो आणि ते एकमेकांनाही धरून ठेवतात. परिणाम असा, की दोन क्वार्क दूर नेत गेले तरी त्यांच्यामधली ओढ कमी होत नाही. ओढून वेगळे करण्यासाठी जेवढी ऊर्जा घालावी तिच्यातून नवे क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्माला येतात आणि जुन्यांना येऊन चिकटतात. एकटा क्वार्क हाती लागत नाही. उलट क्वार्क अगदी जवळ आले, की हेच बल ढिले पडते. ही गोष्ट १९७३ साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी गणिताने सिद्ध केली. २००४ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. जवळीक वाढवण्याचे मार्ग दोन. द्रव्य प्रचंड तापवायचे, म्हणजे नवनवे कण जन्मून गर्दी होते. किंवा ते प्रचंड दाबायचे.

या बलाची दुसरी करामत वस्तुमानाशी निगडित आहे. प्रोटॉनचे वस्तुमान ऊर्जेच्या भाषेत ९३८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. संशोधक या एककाला थोडक्यात एमईव्ही म्हणतात. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची मूळ वस्तुमाने मिळवली तर बेरीज जेमतेम ९ एमईव्ही होते. म्हणजे एक टक्का. बाकीचे ९९ टक्के वस्तुमान ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेतून आणि निर्वाताच्या रचनेतून येते. निर्वात इथे रिकामा नसतो. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्या त्यात सर्वत्र मुरलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे हलक्या क्वार्कांचीही चाल जड होते. समीकरणांत असलेली एक सममिती, कायरल सममिती, त्यामुळे मोडते. तापमान पुरेसे वाढले की या जोड्या विरतात आणि सममिती परत येते. तेव्हा या स्थित्यंतरात दोन गोष्टी घडतात: बंदिवान क्वार्क सुटतात आणि क्वार्क हलके होतात. दोन्ही एकाच तापमानाला घडाव्यात असा काही नियम नाही, तरी गणितात त्या जवळजवळ एकत्रच घडताना दिसतात.

कथेची सुरुवात मात्र क्वार्क सर्वमान्य होण्यापूर्वीची आहे. सर्नमधले रोल्फ हागेडॉर्न यांनी १९६५ साली त्या काळी सापडत असलेल्या नवनव्या कणांची यादी पाहिली. वस्तुमान वाढेल तसे कणांचे प्रकार घातांकी वेगाने वाढत होते. असे असेल तर द्रव्यात ओतलेली ऊर्जा तापमान वाढवण्याऐवजी नवे, अधिक जड कण घडवण्यातच खर्च होत राहील, आणि सुमारे १६० एमईव्हीच्या पुढे तापमान जाणारच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तापमानालाच कमाल मर्यादा! दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, रोमचे निकोला काबिब्बो आणि जॉर्जियो पारिसी यांनी दाखवले, की ही तापमानाची शेवटची हद्द नसून द्रव्याची अवस्था बदलण्याची जागा आहे. त्यांच्या लेखात तापमान आणि घनता यांच्या अक्षांवर काढलेली एक साधी रेखाकृती आहे. आजच्या सगळ्या आलेखांची ती आजी म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी जॉन कॉलिन्स आणि माल्कम पेरी यांनी अतिघन ताऱ्यांच्या गाभ्यात क्वार्क सुटे असू शकतात असे सुचवले. क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा हे नाव त्यानंतर काही वर्षांनी एडवर्ड शुर्याक यांच्या लेखांतून रूढ झाले.

अवस्थांतराचे प्रकार पाण्यावरून नीट समजतात. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उकळत असताना उष्णता दिली तरी तापमान वाढत नाही, आणि पाणी व वाफ एकाच भांड्यात शेजारी शेजारी नांदतात. हे पहिल्या कोटीचे अवस्थांतर. दाब वाढवत नेला तर उत्कलनबिंदू वर सरकतो आणि पाणी व वाफ यांच्या घनतांमधले अंतर कमी होत जाते. ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २१८ वातावरण इतक्या दाबाला ते अंतर संपते. हा क्रांतिक बिंदू. त्याच्या पलीकडे उकळणे नावाचा प्रकारच उरत नाही. दाट द्रव्य सलगपणे विरळ होत जाते. असा सीमारेषेविना होणारा बदल घरातही दिसतो: बर्फ शून्य अंशाला वितळतो, पण हिवाळ्यात थिजलेले तूप उन्हात ठेवले तर आधी मऊ, मग सैल, मग पातळ होते, आणि नेमके कधी वितळले ते सांगता येत नाही.

क्वार्क द्रव्य बर्फासारखे वागते की तुपासारखे, हे कागदावरच्या गणिताने ठरवता येत नाही, कारण स्थित्यंतराच्या तापमानाला बल ढिलेही नसते आणि नेहमीच्या गणिती युक्त्या तिथे हात टेकतात. केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये यावर उपाय सुचवला. अवकाश आणि काळ यांना सलग न मानता त्यांची एक चौमिती जाळी मानायची, क्वार्क जाळीच्या गाठींवर आणि ग्लुऑन गाठींमधल्या दुव्यांवर बसवायचे, आणि संगणकाला यादृच्छिक नमुने घेत सरासरी काढायला लावायची. मग जाळी बारीक बारीक करत जायचे. जगातल्या मोठमोठ्या महासंगणकांचा बराच वेळ गेली चाळीस वर्षे या कामात गेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या जाळीगणिताची जुनी परंपरा आहे.

सुरुवातीच्या गणितांत संगणक दुबळे असल्याने क्वार्क वगळून फक्त ग्लुऑन घेत. तिथे उत्तर स्वच्छ आले: सुमारे २७० एमईव्हीला पहिल्या कोटीचे, अचानक होणारे अवस्थांतर. पुढे १९८४ मध्ये रॉबर्ट पिसार्स्की आणि विल्चेक यांनी सममितीच्या आधारे दाखवले, की क्वार्क धरले तर उत्तर त्यांच्या वस्तुमानांवर अवलंबून राहील. तीन हलके क्वार्क पूर्ण वस्तुमानरहित असतील तर बदल अचानक होईल. खऱ्या वस्तुमानांना काय होईल हे सांगता येत नव्हते. निसर्गात वर आणि खाली या नावांचे दोन क्वार्क अतिशय हलके, तर विचित्र नावाचा तिसरा त्यांच्यापेक्षा कितीतरी जड आहे. या नेमक्या आकड्यांवर सगळे अडले होते आणि हलके क्वार्क संगणकाला सर्वांत महाग पडतात. अखेर २००६ साली हंगेरीचे झोल्टान फोडोर, शांडोर काट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’मध्ये निकाल प्रसिद्ध केला. क्वार्कांची वस्तुमाने प्रत्यक्षातली घेतली, जाळी मोठी करत नेली. खरे अवस्थांतर असते तर जाळीच्या आकारमानाबरोबर चढउतारांच्या आलेखातले शिखर उंच उंच व्हायला हवे होते, ते जागचे हलले नाही. स्थित्यंतर तुपासारखे निघाले.

म्हणून या तापमानाला क्रांतिक न म्हणता आभासी क्रांतिक म्हणतात. त्याची आजची किंमत, हॉटक्यूसीडी या गटाने २०१९ मध्ये काढलेली, १५६.५ एमईव्ही आहे आणि अनिश्चितता दीड एमईव्हीची. हागेडॉर्न यांनी कणांच्या यादीवरून बांधलेला अंदाज किती जवळ होता, हे पाहून आजही नवल वाटते. वर आणि खाली क्वार्कांचे वस्तुमान शून्य करून तेच गणित केले, तर खरेखुरे अवस्थांतर १३२ एमईव्हीच्या आसपास येते. निसर्गातले स्थित्यंतर गुळगुळीत आहे ते या दोन क्वार्कांच्या चिमूटभर वस्तुमानामुळे.

या निकालाने विश्वरचनाशास्त्रातली एक आकर्षक कल्पना मागे पडली. एडवर्ड विटेन यांनी १९८४ मध्ये असे मांडले होते, की विश्व थंड होताना हे अवस्थांतर अचानक झाले असेल तर उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांसारखे नव्या अवस्थेचे बुडबुडे उमटले असतील. त्यांच्या मधोमध सापडलेल्या क्वार्क द्रव्याच्या गुठळ्या आजवर टिकून असतील, आणि विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा खुलासा कदाचित त्यांतूनच होईल. पण बालविश्वात कण आणि प्रतिकण जवळजवळ समसमान होते. अब्जावधी जोड्यांमागे एखादा कण जास्त. म्हणजे विश्व आलेखाच्या डाव्या कडेवरून, निव्वळ घनता शून्य धरूनच, खाली उतरले. तिथे सीमारेषा नाही. बुडबुडे झाले नाहीत, आणि गुठळ्याही उरल्या नसाव्यात.

गणिताची ही बाजू. प्रयोगात मात्र कुठलीच गोष्ट तापमापक घालून मोजता येत नाही. सोने किंवा शिसे यांची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आदळवायची आणि बाहेर उडालेल्या हजारो कणांवरून आत काय घडले ते ताडायचे. ब्रुकहेवनचा ३.८ किलोमीटर परिघाचा त्वरक २००० साली सुरू झाला. त्यात सोन्याच्या अणुकेंद्राचा वेग प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के असे, आणि सापेक्षतेमुळे ते प्रवासाच्या दिशेने शंभर पटींहून अधिक चपटे झालेले असे. टकरीत उसळलेला अग्निगोळा जगतो तो प्रकाशाला मोठे अणुकेंद्र ओलांडायला लागेल साधारण तेवढाच वेळ. ब्रुकहेवनचा त्वरक सुरू होण्याआधीच सर्नने, जुन्या त्वरकातील शिशाच्या अणुकेंद्रांवरच्या सात प्रयोगांचा आधार घेऊन, फेब्रुवारी २००० मध्ये द्रव्याच्या नव्या अवस्थेचे पुरावे सापडल्याची घोषणा केली होती. ती घोषणा थोडी घाईची होती असे अनेकांना वाटले. निर्णायक मोजमापे पुढे ब्रुकहेवनला झाली.

अपेक्षा होती वायूची. बल ढिले पडले आहे, तेव्हा क्वार्क वायूतल्या रेणूंसारखे एकमेकांना फारसे न जुमानता सैरावैरा जातील, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. झाले उलटे. दोन अणुकेंद्रे मध्याशी मध्य न भिडता थोडी बाजूने आदळली, की अग्निगोळा बदामाच्या आकाराचा होतो. वायू असता तर कण सगळ्या दिशांना सारखे उडाले असते. प्रत्यक्षात बदामाच्या अरुंद बाजूने, म्हणजे जिकडे दाब झपाट्याने उतरतो तिकडे, ते अधिक संख्येने आणि अधिक जोराने बाहेर आले. हे द्रवाचे लक्षण. या प्रवाहाच्या मोजमापांवरून द्रवाची चिकटता काढली तेव्हा ती एन्ट्रॉपीच्या मानाने आजवर माहीत असलेल्या कुठल्याही द्रवाहून कमी भरली. पाव्हेल कोव्हटुन, डाम थान सोन आणि आंद्रेई स्टारिनेट्स यांनी तंतुसिद्धांतातून एक किमान मर्यादा सुचवली होती. मोजलेली किंमत तिच्या अगदी शेजारी येते. ब्रुकहेवनच्या चारही प्रयोगांनी एप्रिल २००५ मध्ये जाहीर केले, की हे द्रव्य जवळजवळ आदर्श द्रव आहे. प्लाझ्मा हे नाव मात्र तसेच राहिले.

दुसरा पुरावा वेगवान क्वार्कांचा. टकरीच्या पहिल्या क्षणी कधी कधी दोन क्वार्क विरुद्ध दिशांना भन्नाट वेगाने सुटतात आणि प्रत्येकाच्या मागे कणांचा फवारा उठतो. जेम्स ब्योर्केन यांनी १९८२ मध्येच सांगितले होते, की घन क्वार्क द्रव्यातून जाताना अशा क्वार्काची ऊर्जा शोषली जाईल. ब्रुकहेवनला एका बाजूचा फवारा दिसे आणि समोरचा गायब. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या मोठ्या त्वरकात २०१० च्या नोव्हेंबरमध्ये शिशाच्या टकरी सुरू झाल्या आणि काही आठवड्यांतच नुसत्या डोळ्यांना कळतील अशी एकतर्फी चित्रे हाती आली. अप्सिलॉन नावाच्या जड कणाच्या तीन अवस्थांचाही पडताळा मिळाला: जिची बांधणी जितकी सैल, तितकी ती या द्रव्यात अधिक विरघळते. बाहेर पडलेल्या प्रकाशकणांवरून सुरुवातीचे तापमान ब्रुकहेवनला सुमारे ४ लाख कोटी केल्व्हिन आणि सर्नला सुमारे ५.५ लाख कोटी केल्व्हिन असल्याचे अंदाज निघाले. स्थित्यंतराच्या तापमानाच्या दुप्पट-तिप्पट.

आणि मग थंड होताना काय होते? अग्निगोळ्यातून शेवटी किती पायॉन, किती केऑन, किती प्रोटॉन, किती हलकी अणुकेंद्रे बाहेर आली, हे प्रमाण सांख्यिकी गणितात बसवले की एकच तापमान येते, आणि ते १५६ एमईव्हीच्या आसपास असते. जाळीगणितातल्या आभासी क्रांतिक तापमानाला हे जवळजवळ तंतोतंत जुळते. दोन पूर्णपणे वेगळ्या वाटांनी आलेले आकडे असे एकमेकांना भेटावेत, हे या विषयातले सर्वांत समाधान देणारे यश आहे. नकाशाची डावी कड पक्की झाली ती यामुळे. सर्नमधल्या ॲलिस या प्रयोगात भारतीय संस्थांचा, आयआयटी मुंबई धरून, सहभाग आहे. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने बनलेला फोटॉन मोजणारा शोधक तिथे आणि ब्रुकहेवनच्या स्टार प्रयोगातही बसवला गेला होता.

उजवीकडे सरकले की अडचणी सुरू होतात. निव्वळ घनता म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची संख्या वजा त्यांच्या प्रतिकणांची संख्या. ती शून्य नसेल तर जाळीगणितातला यादृच्छिक नमुन्यांचा मार्गच बंद होतो. नमुना निवडताना प्रत्येक शक्यतेला एक धन वजन द्यावे लागते; घनता आली की ही वजने धन राहत नाहीत, एकमेकांना खोडू लागतात, आणि संगणकाच्या हाती प्रचंड धन आणि प्रचंड ऋण संख्यांची वजाबाकी उरते. ‘चिन्हाची अडचण’ असे साधे नाव असलेल्या या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर आजही सापडलेले नाही.

त्यावर पळवाटा काढल्या गेल्या. फोडोर आणि काट्झ यांनी शून्य घनतेचे नमुने घेऊन त्यांची वजने बदलली आणि २००४ मध्ये क्रांतिक बिंदू, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या आलेखावरचा तो ठिपका, १६२ एमईव्ही तापमानाला असल्याचे सांगितले. टाटा संस्थेतले राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी वेगळी वाट धरली: शून्य घनतेपाशी दाबाचा श्रेणीविस्तार करायचा आणि श्रेणी कुठे कोलमडते ते पाहायचे, कारण ती जागा क्रांतिक बिंदूची खूण असू शकते. २००५ चे त्यांचे उत्तर फोडोर आणि काट्झ यांच्यापेक्षा कमी घनतेला येत होते. आज दोन्ही उत्तरे टिकलेली नाहीत. बारीक जाळीवर नंतर झालेल्या गणितांना त्या प्रदेशात क्रांतिक बिंदूचा मागमूस दिसत नाही. पण श्रेणीविस्ताराची पद्धत जगभर रुळली. याच पद्धतीचे आकडे आणि स्टार प्रयोगातल्या प्रोटॉनसंख्येच्या चढउतारांचे आकडे समोरासमोर ठेवून गुप्ता, बेदांगदास मोहंती आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये स्थित्यंतराचे तापमान थेट प्रयोगावरून काढून दाखवले. ते १७५ एमईव्ही आले. आजच्या आकड्यापेक्षा जास्त आहे खरे, पण गणित आणि प्रयोग यांची अशी थेट गाठ तोवर पडली नव्हती.

अलीकडे निरनिराळ्या सैद्धांतिक पद्धतींचे अंदाज एका भागात गोळा होत आहेत: क्रांतिक बिंदू असलाच तर ९० ते १२० एमईव्ही तापमानाला आणि बऱ्याच अधिक घनतेला. त्याच्या पलीकडे मात्र अचानक होणारे, बुडबुड्यांचे अवस्थांतर असायला हवे.

तो बिंदू प्रयोगात शोधायचा कसा, याचा धडा पुन्हा साध्या द्रवांकडून मिळतो. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअसला असल्याचे दाखवले. अशा बिंदूजवळ पारदर्शक द्रव एकाएकी दुधाळ दिसू लागतो, कारण घनतेतले चढउतार लहान-मोठ्या सगळ्या लांबींवर होऊ लागतात आणि प्रकाश विखुरतात. क्वार्क द्रव्यातही तेच व्हावे. मिखाइल स्टेफानोव्ह, कृष्णा राजगोपाल आणि शुर्याक यांनी १९९८ मध्ये सुचवले, की एकेका टकरीत सापडणाऱ्या कणांच्या संख्येतले चढउतार मोजावेत. त्वरकाची ऊर्जा कमी केली की अणुकेंद्रांतले प्रोटॉन-न्यूट्रॉन आरपार न जाता अग्निगोळ्यातच अडकतात आणि निव्वळ घनता वाढते. म्हणून ऊर्जा पायरीपायरीने उतरवत जायचे आणि प्रत्येक पायरीवर लाखो टकरींत प्रोटॉन वजा प्रतिप्रोटॉन ही संख्या कशी विखुरली आहे ते पाहायचे. नुसता विखुरलेपणा पुरत नाही. वितरणाच्या टोकांचा आकार, म्हणजे चौथ्या घातापर्यंतची सरासरी, क्रांतिक बिंदूला सर्वांत संवेदनशील असतो. आणि नेमका तोच मोजायला सर्वांत अवघड, कारण टोकाच्या टकरी फार थोड्या असतात आणि शोधकाची एखादी छोटी चूकही खुणेसारखी दिसू शकते.

ब्रुकहेवनने हा शोध दोन टप्प्यांत घेतला, पहिला २०१० ते २०१४ आणि दुसरा, अधिक नेमका, २०१९ ते २०२१ मध्ये. पहिल्या टप्प्यात ऊर्जा उतरवताना आलेख खाली जाऊन पुन्हा वर येतो असे दिसले, पण अनिश्चितता मोठी होती. दुसऱ्या टप्प्यात ती बरीच आटली. २० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास मोजलेली किंमत क्रांतिक बिंदू न धरणाऱ्या गणितांपेक्षा खाली आहे. सर्वांत कमी, ३ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या टकरींत मात्र साध्या प्रोटॉन-न्यूट्रॉन द्रव्याचीच लक्षणे आहेत. मधल्या पट्ट्यात काहीतरी आहे असे म्हणण्याइतपत हे पुरेसे आहे. बिंदू सापडला असे म्हणण्याइतपत नाही.

आलेखाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्वरक पोहोचतच नाहीत. तिथे तापमान कमी आणि घनता अफाट, आणि निसर्गात अशी जागा एकच: न्यूट्रॉन तारा. सूर्याच्या दीड-दोन पट वस्तुमान साधारण बारा किलोमीटर त्रिज्येत दाबलेले, आणि गाभ्यात घनता अणुकेंद्राच्या कित्येक पट. इथे क्वार्क सुटे झाले तर ते मुक्त फिरणार नाहीत, अतिवाहक धातूतल्या इलेक्ट्रॉनांसारख्या जोड्या जमवतील, असे सिद्धांत सांगतो. मार्क आल्फर्ड, राजगोपाल आणि विल्चेक यांनी १९९८-९९ मध्ये या ‘रंग-अतिवाहकते’चे सर्वांत सममित रूप मांडले. पुरेशा घनतेला ते असणारच, याबद्दल फारसा संशय नाही. ताऱ्याच्या गाभ्यात ती घनता येते का, हा खरा प्रश्न.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होतानाच्या गुरुत्वलहरी प्रथमच टिपल्या गेल्या. विलीन होण्याआधी तारे एकमेकांच्या ओढीने किती ताणले गेले यावरून ते किती कडक हे ठरवता आले, आणि ते फार कडक असण्याची शक्यता बाद झाली. २०२० मध्ये एका गटाने सर्व मोजमापे एकत्र करून असे दाखवले, की सर्वांत जड ताऱ्यांच्या गाभ्यात क्वार्क द्रव्य असण्याची शक्यता बळकट आहे. अचानक अवस्थांतर असेल तर त्याची खूण विलीनीकरणानंतरच्या काही मिलिसेकंदांत, थरथरणाऱ्या नव्या ताऱ्याच्या लहरींत सापडावी. पण त्या लहरी दोन ते चार किलोहर्ट्झच्या उंच पट्टीतल्या असतात, आणि तिथे आजचे शोधक पुरेसे संवेदनशील नाहीत. २०१७ मध्ये त्या ऐकू आल्याच नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्यामुळे असे स्रोत आकाशात नेमके कुठे आहेत हे अधिक काटेकोरपणे सांगता येईल आणि दुर्बिणींना ताबडतोब तिकडे वळता येईल.

आजचे त्वरक आणि तारे यांच्या मधला पट्टा, म्हणजे मध्यम तापमान आणि मोठी घनता, यासाठी जर्मनीत डार्मश्टाट येथे फेअर हे संकुल बांधले जात आहे. भारत त्यात भागीदार देश आहे आणि भारतीय सहभागाचे काम कोलकात्याची बोस संस्था पाहते. तिथल्या सीबीएम या प्रयोगात सेकंदाला एक कोटीपर्यंत टकरी हाताळण्याची योजना आहे, ब्रुकहेवनच्या मानाने हजारो पटींनी अधिक. क्वचित घडणाऱ्या टोकाच्या टकरींसाठी हाच वेग लागतो. रशियात दुब्ना येथे निका हा त्वरकही याच पट्ट्यासाठी उभारला आहे. पहिल्या कोटीचे अवस्थांतर खरोखर असेल, तर या ऊर्जांना अग्निगोळा त्या रेषेवर थोडा रेंगाळेल, दाब वाढण्याचा वेग मंदावेल आणि कणांच्या प्रवाहात ते दिसेल. रेष नसेल, तर आजच्या पाठ्यपुस्तकांतला तो ठिपका खोडावा लागेल.